वासराला कोणी विचारलं?

त्या वर्षी बिशप आले तेव्हा माझ्या वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा मी मुद्दाम पहिल्या बाकावर बसवला होता. दृढीकरण संस्काराचा दिवस होता. आपण तान्हे असताना आईबाप आपला बाप्तिस्मा करून घेतात, तेव्हा आपल्याला काही कळत नसतं. चौदा-पंधरा वर्षांचं झालं की तोच विश्वास आपल्या तोंडानं पक्का करायचा, असा हा संस्कार. त्याआधी वर्षभर रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे असायचं. शिकवणं म्हणजे प्रश्नोत्तरं. मी प्रश्न विचारायचे, मुलांनी सुरात उत्तर म्हणायचं.

बिशपनी त्या मुलाला विचारलं, "पवित्र आत्म्याची दानं किती?"

मुलानं सातही दानं एका दमात म्हणून दाखवली. बिशप खूश झाले. म्हणाले, "छान. आता यातलं तुला स्वतःला कोणतं हवंय?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी बिशपांकडे बघायला लागले. शेवटी तो म्हणाला, "ते पुस्तकात नाही."

सगळं चर्च हसलं. बिशपही हसले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून पुढे गेले. हसण्यासारखंच होतं ते, मीही हसले. पण दुपारी जेवायला बसल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" आणि मला सांगता येईना.

आमच्याकडे कॅथलिक घरं मोजकी. तालुक्याच्या आमच्या गावात थोडी, बाकी आसपासच्या खेड्यांत एखाद-दुसरं. कोणी दवाखान्यात नोकरीला, कोणी एसटीत, कोणी दुसऱ्याच्या शेतात. माझं माहेर जालन्याकडचं, तिथं आमच्या आळीत निम्मी घरं आमचीच होती. लग्न होऊन इकडे आले तर शाळेत सहकारी शिक्षिका विचारायच्या, "मग घरी तुम्ही इंग्रजीत बोलता का?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. त्याही आता माझ्या चांगल्या मैत्रिणी आहेत.

त्या पावसाळ्यात आमच्या चर्चला नवे फादर आले. केरळचे, तरुण, मराठी पुस्तकातून शिकलेले. टपरीवर जाऊन "कृपया एक चहा मिळेल काय?" असं म्हणायचे आणि टपरीवाला त्यांना मोठा साहेब समजून कप धुऊन द्यायचा. वर्ग सुरू करायच्या आधी मी त्यांना भेटायला गेले. ते म्हणाले, "टीचर, या वर्षी मुलांना बोलू द्या."

"म्हणजे?"

"गोलात बसवा. शुभवर्तमानातला एक भाग वाचा. त्यांना काय वाटलं ते विचारा. आणि मग आपण शांत बसा."

"चुकीचं बोलले तर?"

"तर ते चुकीचं आहे हे आपल्याला समजेल. आता ते चुकीचं मनात ठेवतात आणि बरोबर ते म्हणून दाखवतात."

मला पटलं, पण भीती वाटली. शांत बसायची मला सवय नव्हती. वर्ग दोन सेकंद गप्प झाला तरी माझं तोंड आपोआप उघडतं.

चर्चच्या मागे एक पत्र्याची खोली आहे. नाताळच्या गोठ्याचं सामान तिथं ठेवलेलं असतं, प्लास्टरच्या मेंढ्या, पाय मोडलेला उंट, तीन राजे. ते सगळं एका बाजूला सारून आम्ही सतरंजी टाकली. पहिल्या रविवारी आठ-दहा मुलंमुली आली. मी वाचलं, विचारलं, आणि गप्प बसले. मुलंही गप्प. कोणी पंख्याकडे बघतंय, कोणी मोबाईलकडे, एक जण उंटाच्या मोडक्या पायाशी खेळतोय.

कोंडी फोडली ती एसटी ड्रायव्हरच्या मुलानं. हा मुलगा वात्रट. त्याच्या वडिलांची गाडी शेगावच्या मार्गावर असायची, त्यामुळे तो कधीमधी सगळ्यांसाठी कचोऱ्या आणायचा आणि त्या बळावर त्याला सगळं माफ असायचं. तो म्हणाला, "टीचर, बोलाचं तं हाय, पन आदी नियम ठरवा. नाई तं मी काई बोललो की संध्याकाळी माह्या बापाले कळते."

मग नियम मुलांनीच केले. खोलीत बोललेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. कोणी बोलताना हसायचं नाही. मोबाईल एका सुपात ठेवायचे. सूप माझ्या घरून आलं. शेवटचा नियम पुन्हा त्या वात्रट पोराचाच, "टीचरनं सगळ्यात शेवटी बोलाचं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मान्य करावं लागलं.

हळूहळू तोंडं उघडली. एका रविवारी प्रश्न निघाला, मित्रांसोबत शेगावला मंदिरात गेलं आणि तिथला प्रसाद खाल्ला तर पाप लागतं का. त्यावर इतकं भांडण झालं की फादर चपला न घालता धावत आले. त्यांना वाटलं मारामारी चालली आहे. काय चाललंय ते कळल्यावर दारातच उभे राहून ऐकत राहिले. निकाल लागला नाही. पण पुढच्या रविवारी मुलं वेळेआधी आली.

त्या गोलात अमडापूरची एक मुलगी होती. नववीत शिकत होती. पहाटे उठून, काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून बसून यायची, आणि वर्ग संपला की बस चुकू नये म्हणून पळायची. उंच, सावळी, केस घट्ट बांधलेले. ऐकायची सगळं, बोलायची फारसं काही नाही. तिची आई गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि दुपारी शिलाई करायची. वडील ती लहान असतानाच कामासाठी सुरतेला गेले होते. आधी पैसे यायचे, फोन यायचे, मग दोन्ही थांबलं. तिकडे त्यांनी दुसरं घर केलं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ते परत आले. नाताळात त्यांना मी मिस्सेला पाहिलं. नव्या शर्टाच्या घड्या तशाच होत्या, मान खाली. लोकांनी त्यांच्याशी हात मिळवले. मीसुद्धा मिळवला. एक घर पुन्हा जुळलं असं वाटून मला बरंच वाटलं होतं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आम्ही उधळ्या मुलाची गोष्ट वाचली. धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा घेतो, परदेशात उडवून टाकतो, डुकरांचं खाणं खायची वेळ येते तेव्हा घरी परततो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, पोसलेलं वासरू कापतो, मेजवानी देतो. थोरला मुलगा शेतातून येतो, रागावून दाराबाहेर थांबतो, आणि बाप त्याची समजूत काढायला बाहेर जातो. ही गोष्ट मी कितीतरी वेळा शिकवली होती. तिचं तात्पर्य मला झोपेतही सांगता आलं असतं.

मी विचारलं, "यात तुम्हाला कोणाबद्दल वाईट वाटलं?"

ड्रायव्हरचा मुलगा म्हणाला, "वासराबद्दल."

हसायचं नाही हा नियम मोडून सगळे हसले. तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "हसू नका बे. खुशी यांची, पोरगा यांचा आला, अन जीव त्याचा गेला. त्या वासराले कोनी इचारलं का?"

हसणं ओसरत होतं, तेवढ्यात अमडापूरची मुलगी बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"थोरल्या भावाले बी कोनी इचारलं नाई."

सगळे तिच्याकडे वळले.

"पाहा ना," ती म्हणाली. "तो शेतात काम करून राह्यला. घरी गाणं-बजावणं सुरू झालं. त्याले बोलवाले कोनी शेतात गेलं का? नाई गेलं. त्याले नोकराकडून कळलं."

मी पुस्तकात पाहिलं. खरंच होतं. इतकी वर्षं ते वाक्य माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं.

"मले बी असंच कळलं," ती पुढे म्हणाली. "शाळेतून येत होती तं शेजारीन म्हने, जाय, तुह्या घरी कोन आलं ते पाय. मी पळत गेली. मले वाटलं मामा आला." ती थांबली. "आपल्या गोष्टीत पोरगा उधळ्या हाय म्हनून बरं हाय. बापच उधळ्या असला तं काय कराचं, ते कुठं लिवलं हाय?"

नियमानं मला बोलायचं नव्हतं.

बोलली ती नर्सबाईंची मुलगी. ही आमची शास्त्री. तिची आई सरकारी दवाखान्यात परिचारिका, घर अतिशय भाविक, आणि मुलीला शास्त्रातले दाखले तोंडपाठ. ती म्हणाली, "पण माफ तर करावंच लागतं ना. येशूनंच सांगितलंय, सात वेळा नाही, सत्तर गुणिले सात वेळा."

अमडापूरच्या मुलीनं तिच्याकडे पाहिलं. सुपातून आपला मोबाईल उचलला, दप्तर उचललं, आणि "माही बस हाय," म्हणून निघून गेली. बसला अजून वेळ होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या रविवारी ती आली नाही.

उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची झाली होती. एका दुपारी मी एसटीनं अमडापूरला गेले. बाजाराचा दिवस होता, स्टँडवर मिरच्यांचा खकाणा उठला होता. त्यांचं घर विचारत विचारत सापडलं. दोन खोल्या, दारावर लाकडी क्रूस, आत शिलाई मशीन. मुलगी चक्कीवर दळण आणायला गेली होती. आईनं मला खाट टाकली, पाणी दिलं. बाप पुढच्या खोलीत जमिनीवर बसून कोणाचा तरी टेबलफॅन दुरुस्त करत होता. मला पाहून उठून उभा राहिला आणि पुन्हा कुठं बसावं ते त्याला कळेना, तसा उभाच राहिला.

मुलगी आली, मला पाहून दळणाचा डबा दारातच ठेवला. मी तिला एवढंच म्हणाले, "तू आली नाहीस म्हणून आले. वर्गात तुझी जागा आहे. बोललं नाहीस तरी चालेल."

"शास्त्री चिडली का माह्यावर?" तिनं विचारलं.

"ती रडली."

हे तिला अपेक्षित नव्हतं. ती आत गेली आणि माझ्यासाठी चहा ठेवला. बापाचा चहा आईनं नेऊन दिला.

परतताना बाप मला स्टँडपर्यंत सोडायला आला. माझी पिशवी त्यानं आग्रहानं हातात घेतली होती. बाजारातून जाताना तो माझ्या मागे दोन पावलं चालत होता. स्टँडवर सावलीत उभे राहिल्यावर म्हणाला, "मॅडम, तिले सांगा ना. तुमचं ऐकते ती. आपल्या धर्मातच हाय, माफ कराव म्हनून."

मला त्याची दया आली. हात काळवंडलेले, कानाजवळचे केस पांढरे. आणि त्याच वेळी मला राग आला, की हा माझ्यावर काम सोपवून मोकळा होऊ पाहतोय.

"मी सांगणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही बोला तिच्याशी."

"ती बोलत नाई माह्याशी. मी बसलो की उठून जाते."

"ती बोलत नाही. पण तुम्ही बोललात का?"

बस आली. पिशवी खिडकीतून माझ्याकडे देताना म्हणाला, "वर्गात काय सांगते ती माह्याबद्दल?"

"वर्गातलं बाहेर सांगायचं नाही, असा नियम आहे. तो मलाही आहे."

रविवारी ती आली. बसताना नर्सबाईंच्या मुलीच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथंच बसली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्या दिवशी फादरही गोलात बसले होते. विषय होता पापकबुली. फादरांनी थोडक्यात सांगितलं, मनापासून पश्चात्ताप केला, कबुली दिली, की देव क्षमा करतो. मग मुलांकडे पाहून थांबले.

अमडापूरच्या मुलीनं हात वर केला. शाळेत करतात तसा.

"फादर, एखादा मानूस घर सोडून जातो. परत येतो. मंग तुमच्याकडे कबुली देतो. देव माफ करते, तुमी माफ करता. दुसऱ्या दिवशी तो रांगेत उभा राहून ख्रिस्तशरीराची भाकर घेते, सगळे त्याच्याशी हात मिळवतात. म्हनजे झालं?" वर केलेला हात तिनं अजून खाली घेतला नव्हता. "ज्याले सोडून गेलता, त्याले कोनी इचाराव लागत नाई का?"

फादर सावकाश, एकेक शब्द शोधत बोलले. "कबुलीमध्ये कोण काय बोलला, हे मी कधीही सांगू शकत नाही. पण तुझा प्रश्न कबुलीनंतरचा आहे. देव त्याच्या वाट्याची क्षमा करतो. तुझ्या वाट्याची क्षमा माझ्या खिशात नाही. ती मी वाटू शकत नाही. ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जाणं, भरून देता येईल ते भरून देणं, हे त्या माणसाचं काम उरतंच. कबुली दिली म्हणून ते काम संपत नाही."

तेवढ्यात नर्सबाईंची मुलगी म्हणाली, "मी वाचू का?"

तिनं बायबलमध्ये खूण घालून आणली होती. आठवडाभर तिनं तेच शोधलं असावं. तिनं वाचलं ते असं, की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. वाचून झाल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "मागच्या वेळी मी तुलाच कामाला लावलं. यात काम त्याचं आहे. मला हे आधी आठवलं नाही."

"म्हनजे आदी घरी, मंग चर्चमधे," ड्रायव्हरचा मुलगा म्हणाला.

"मंग माह्याकडे काऊन नाई आले?" मुलीनं विचारलं. कोणालाच नाही, समोरच्या सतरंजीला.

एकेकानं आपापलं सांगितलं. कोणी म्हणालं घाबरत असतील, कोणी म्हणालं लाज वाटत असेल. एका मुलानं, जो कधीच बोलायचा नाही, सांगितलं की त्याच्या आजोबांनी त्याच्या काकाशी मरेपर्यंत अबोला धरला आणि शेवटी दोघंही वाट बघत राहिले. शेवटी माझी पाळी आली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मला माहीत नाही." तिनं मान हलवली. मला वाटतं त्या दिवशी तिला माझं म्हणणं पहिल्यांदा खरं वाटलं असावं.

झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, मिस्सेनंतर पुरुष मंडळी आवार झाडत होती. आम्ही खोलीत बसलो होतो. दारात सावली पडली. अमडापूरच्या मुलीचा बाप होता. चपला बाहेर काढलेल्या, हातात खराटा तसाच.

"मॅडम, पोरीशी बोलाचं होतं," तो म्हणाला. "घरी ती उठून जाते. इथं बोलता येते म्हने."

मी मुलीकडे पाहिलं. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. मी विचारलं, "आम्ही सगळे बाहेर जाऊ का?"

"नाई," ती म्हणाली. "सगळे बसा." आणि थोड्या वेळानं, "नियम लागू हाय पन."

"मोबाईल सुपात ठेवा, काका," ड्रायव्हरचा मुलगा हळूच म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती. त्या माणसानं खराटा भिंतीला लावला, खिशातून फोन काढला, सुपात मुलांच्या फोनांमध्ये ठेवला, आणि दाराजवळच उकिडवा बसला.

त्यानं पाठ करून आणलं असावं, पण त्याला ते आठवेना. "मी कामाले गेलतो," त्यानं सुरुवात केली. "खोटं नाई, कामालेच गेलतो. मंग तिकडं... तुले माहीत हाय. तुह्या मायले मी सांगितलं सगळं. तुले नाई सांगितलं. लहान हाय म्हनून नाई सांगितलं." मग त्यानं स्वतःच मान हलवली. "नाई, तसं नाई. तुह्यासमोर तोंड उघडत नव्हतं. चुकलो मी."

मुलगी खाली बघत होती. तिनं मान वर केली. "मी सातवीत होती तवा मले डेंगू झालता. दवाखान्यात होती. तुमाले माहीत होतं का?"

त्याला नाही म्हणता आलं असतं. फोन लागला नाही, निरोप मिळाला नाही, असं काहीही म्हणता आलं असतं, आणि ते तपासायला कोणी सुरतेला जाणार नव्हतं. तो नाही म्हणेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्यानं नाही म्हणावं असं मला वाटलं, तिच्यासाठी.

"माहीत होतं," तो म्हणाला. "तुह्या मामानं फोन केलता."

"मंग?"

"गाडीत बसाले स्टेशनवर गेलतो. नाई बसलो." त्यानं हातानं तोंड पुसलं. "तुले पाह्यलं असतं तं परत जाता आलं नसतं मले. म्हनून नाई आलो."

नर्सबाईंची मुलगी रडत होती. अमडापूरची मुलगी रडत नव्हती. ती बापाकडे बघत राहिली, बहुतेक तो आल्यापासून पहिल्यांदाच इतका वेळ. मग म्हणाली, "माय रात्रभर दवाखान्याच्या दारात उभी होती. प्रत्येक गाडी पाहे."

त्यानं भिंतीला लावलेला खराटा हातात घेतला आणि परत ठेवला.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "तुमी जा आता. मी येते घरी."

तो उठला. सुपातला आपला फोन ओळखायला त्याला जरा वेळ लागला. बाहेर गेल्यावर खराट्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मुलगी मला म्हणाली, "टीचर, वाचा पुढचं." मी वाचायला घेतलं, पण अक्षरं दिसत नव्हती. माझं पुस्तक ड्रायव्हरच्या मुलानं घेतलं आणि त्यानं वाचलं.

तिनं त्या दिवशी माफ केलं, असं मला म्हणता येणार नाही. मिठ्या वगैरे काही झालं नाही. फक्त त्या दिवसापासून तो बसला की ती उठून जायची थांबली, असं तिच्या आईनं मला नंतर सांगितलं. आईनं आणखी एक सांगितलं. ती म्हणाली, "मी घरात घेतलं त्याईले, पन माह्या मनात काय हाय ते बी मले कोनी इचारलं नाई. पोरीनं इचारलं परवा." तिनं ते हसून सांगितलं, पण पदर डोळ्याला लावला.

ईस्टरनंतर बिशप आले. दृढीकरणाला प्रत्येक मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एक मोठं माणूस मागे उभं राहतं, त्याच्या विश्वासाची साथ देणारं. आईबाप चालत नाहीत, दुसरं कोणी निवडायचं असतं. अमडापूरच्या मुलीनं नर्सबाईंना निवडलं. डेंगूच्या वेळी वॉर्डात त्याच होत्या, हे तेव्हा मला कळलं. नर्सबाई दवाखान्यातून ड्युटी बदलून आल्या. मुलगी आणि नर्सबाईंची मुलगी एकाच रंगाची ओढणी घेऊन आल्या होत्या. भांडण कधी मिटलं ते दोघींनी मला सांगितलं नाही.

संस्कार झाल्यावर आवारात फोटो काढत होते. आई, नर्सबाई, मुलगी, सगळे उभे राहिले. बाप लांब निंबाखाली उभा होता. फोटोवाला म्हणाला, "सरका, सरका, मधे या." मुलीनं निंबाकडे पाहिलं आणि हाक मारली, "तुमी बी या ना." काही नात्यानं हाक मारली नाही, नुसतं तुमी. तो आला आणि कडेला उभा राहिला. तो फोटो माझ्याकडे नाही, पण त्यात तो कसा उभा असेल ते मला दिसतं, हात कुठं ठेवावे ते न कळून दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

आता ती अकोल्याला शिकते. फार्मसी. ड्रायव्हरचा मुलगा पुण्यात कुठल्याशा कंपनीत लागला आहे आणि सणाला फोन करून अजून माझी थट्टा करतो. खोलीत आता दुसरी मुलं बसतात. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत, आणि शेवटी बोलायचा नियम मी त्यांना न विचारताच लागू केला आहे. फादर बदलून गेले. जाताना टपरीवाल्याला म्हणाले, "काऊन भाऊ, चहा देतो का नाई?" आणि टपरीवाला पैसे घेईना.

गेल्या नाताळात ती गावी आली होती. मिस्सेनंतर माझ्या घरी आली, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि मी तळत होते त्या करंज्या एकेक करून खात राहिली. मी तिला बापाबद्दल विचारणार नव्हते. तिनंच सांगितलं.

"टीचर, आता भांडन होते आमचं."

"कोणाचं?"

"माहं अन बाबाचं. कदी कदी अचानक आठवते मले काई जुनं. मंग मी सांगते तोंडावर. पहिले गप्प ऐकून घेत होते. आता ते बी चिडतात. परवा म्हने, किती वेळा तेच काढशील? मी म्हटलं, जितके वर्ष नव्हते तितके वर्ष काढीन." ती हसली. "माय म्हने, तुमच्या दोघाईच्या आवाजानं डोकं दुखते माहं."

"मग तू काय करतेस?"

"काई नाई. थोड्या वेळानं ते इचारतात, जेवली का. मी म्हनते, नाई. मंग जेवतो."

बाहेर बाप मोटरसायकल घेऊन उभा होता. हॉर्न वाजला. तिनं दोन करंज्या कागदात गुंडाळून घेतल्या, ओढणी सावरली आणि "येतो टीचर," म्हणून गेली.